कापूस अधिक कापूर : प्लॅस्टिकला बळ देणारे जॉन हायट कोण होते?

दर्यापूर : जुने प्लॅस्टिक वितळवून केलेली बादली लवकर तडकते. तिला बळकटी द्यायची तर प्लॅस्टिकमध्ये काहीतरी मिसळावे लागते. ही युक्ती दीडशे वर्षांपूर्वी यशस्वी केली ती एका छपाई कामगाराने, आणि तीही शेतातला कापूस व देवघरातला कापूर वापरून.

जॉन वेस्ली हायट यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1837 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. रसायनशास्त्र ते शिकलेले नव्हते. बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे असत. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला एका कंपनीने 10 हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि हायट कामाला लागले.

कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. पण ते ठिसूळ. इंग्लंडचे अलेक्झांडर पार्क्स यांनी त्यात तेल, कापूर मिसळून पाहिले होते. त्यांच्या वस्तू मात्र सुकताना आकसायच्या, वाकायच्या. 1868 मध्ये त्यांची कंपनी बुडाली.

हायट यांनी पातळ द्रावके जवळपास बाजूला ठेवली. कापूर, उष्णता आणि दाब, एवढ्यावरच भर दिला. कापराचे रेणू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्या थोड्या सरकू शकतात आणि दणका बसला तरी वस्तू फुटत नाही. शिवाय तापवले की ते मऊ होते, त्यामुळे उरलेले तुकडे पुन्हा वापरता येत. 12 जुलै 1870 रोजी पेटंट मिळाले. ‘सेल्युलॉइड’ हे नाव भाऊ आयझाया यांचे. दोघांनी 1872 मध्ये साच्यात माल दाबून भरणाऱ्या यंत्राचेही पेटंट घेतले. आजची इंजेक्शन मोल्डिंग यंत्रे त्याच वंशातली.

कंगवे, कवळ्या, कॉलर, पुढे सिनेमाची रिळे. दादासाहेब फाळके यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ही सेल्युलॉइडवरच चित्रित झाला. दोषही होतेच : ते झटकन पेट घ्यायचे आणि वर्षानुवर्षे कापूर उडत गेला की तडकायचे.

कापराच्या वापराचे श्रेय 1884 मध्ये न्यायालयाने पार्क्स यांना दिले. हायट यांचा कारखाना मात्र सुरूच राहिला. दोनशेहून अधिक पेटंट नावावर असलेल्या हायट यांचे 10 मे 1920 रोजी निधन झाले.

आज अडचण वेगळी आहे. प्रत्येक वितळणीत प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटून आखूड होतात. म्हणून बाटल्यांच्या पीईटीमध्ये तुटलेली टोके जोडणारी रसायने घालतात, तर एकमेकांत न मिसळणाऱ्या पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनसाठी दोघांना धरून ठेवणारा घटक. पण कोणत्या मालात काय घातले आहे, हे भंगारात आलेल्या तुकड्यावर लिहिलेले नसते. पुढच्या कारखान्याला ते तपासूनच वितळवावे लागते.