दुखणं सांगायचं कुणाला?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव घेतलं की सातासमुद्रापार जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री डोळ्यांपुढे येते. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण डॉक्टर म्हणून त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं, तर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुखणं मोकळेपणाने सांगता न आल्याने माणसं मरतात, हे त्यांनी फार लहान वयात ओळखलं होतं.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचं लग्न नवव्या वर्षी झालं. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण पुरेशी वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचा विचार त्या दुःखातून पक्का झाला.

त्या काळी बायकांची बहुतेक दुखणी माजघरातच राहत. डॉक्टर पुरुष, त्याच्यापुढे अंगावरून जाणं किंवा बाळंतपणानंतरचा त्रास बोलायचा कसा? मग सांगणं लांबणीवर पडे आणि आजार वाढत जाई. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण केलं, तेव्हा अमेरिकेला जाण्याचं कारण सांगताना नेमकं यावरच बोट ठेवलं. बायका पुरुष डॉक्टरकडे तपासून घ्यायला संकोचतात, म्हणून इथे स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रातही त्यांनी तो पुन्हा मांडला.

स्वतः आनंदीबाईंना मन मोकळं करायला माणूस मिळालं ते हजारो मैलांवर. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे थांबल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांनी गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं ते पत्र होतं आणि त्याला मिळालेलं उत्तर रुक्ष होतं. कार्पेंटरबाईंना राहवलं नाही. त्यांनी १८८० मध्ये थेट आनंदीबाईंनाच पत्र लिहिलं. पुढे त्यांचं नातं मावशी-भाचीचं झालं. आनंदीबाईंना तेव्हाही अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनच ताप आणि धाप लागणं असा त्रास होत होता. पत्रांतून तो कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. त्यांचा गुण आला नाही, पण दुखणं ऐकून घेणारं कोणीतरी होतं.

गोपाळरावांशी संवाद मात्र अवघड होता. पत्नीला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास खरा. अभ्यास झाला नाही की त्यांचा हात उठे, हेही तितकंच खरं. लहानग्या आनंदीला त्यावर तोंड उघडायची सोय नव्हती. अमेरिकेत गेल्यावर पतीची टोचून लिहिलेली पत्रं येऊ लागली, तेव्हा तिने एका उत्तरात जुन्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. अशा वेळी बालवधूपुढे निमूट सोसण्याखेरीज मार्ग नसतो, हेही लिहिलं. आपल्याशी झालेली वागणूक चांगली की वाईट, याचं तिचं उत्तर होतं : दोन्ही. आरोप करून ती थांबली नाही आणि ऋण मानताना मारही लपवला नाही. समोरासमोर जे बोलता आलं नसतं, ते तिने पत्रात लिहिलं.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. पण तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ मध्ये, आणि त्यावर पहिलं गुणकारी औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

आज औषधं आहेत आणि स्त्री डॉक्टरही आहेत. तरी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही बाईंना काय होतंय विचारतो, तेव्हा उत्तर बऱ्याचदा नवरा, मुलगा किंवा सासू देते. बाई मान खाली घालून बसलेली असते. निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यावर उभा असतो. रक्त किंवा सोनोग्राफी यांपैकी कोणती तपासणी करायची, हेही त्यावरच ठरतं. स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन या गोष्टी वेळेवर कानांवर आल्या तर पुष्कळ काही करता येतं. क्षयावर तर आता सरकारी केंद्रांत मोफत उपचार मिळतात आणि साध्या क्षयाचे उपचार साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात.

म्हणून घरच्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रुग्णाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या, राहिलेलं नंतर सांगा. बाईंना डॉक्टरशी काही वेळ एकटीने बोलायचं असेल तर बाहेर थांबा, त्यात अपमान मानू नका. तोंडाने सांगणं जड जात असेल तर त्रास कधी सुरू झाला, कधी वाढतो, हे कागदावर लिहून आणा. तो कागद आम्ही नक्की वाचतो.