सुकाणू धरणारा गुलाम

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये एक खलाशी आमदार म्हणून बसत होता. कालपर्यंत तो गुलाम होता. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. गोऱ्यांनी गुलामांना मुक्त केले, एवढाच इतिहास आम्ही शिकलो. स्मॉल्स यांना कुणी मुक्त केले नाही. ते स्वतः मुक्त झाले.

५ एप्रिल १८३९ रोजी ब्यूफर्ट गावात, मालकाच्या घरामागच्या खोपटात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्सटन बंदरात मजुरीला धाडले. हॉटेलात, गोदीत राबत, शिडे शिवत ते जहाजाच्या सुकाणूपर्यंत पोचले. मजुरी मालकाच्या खिशात, यांच्या हातावर आठवड्याला एक डॉलर! जहाज हाकायचे यांनी, पण 'पायलट' हा हुद्दा गोऱ्यांचा. आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हेही आरक्षण ध्यानात घ्यावे. पत्नी हॅना आणि लेकीची किंमत ८०० डॉलर ठरली होती. ती कुठून आणणार?

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याकडे 'प्लँटर' ही बोट होती. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर होते. स्मॉल्स यांनी बोट सोडली, वाटेत बायकामुलांना घेतले, कॅप्टनची हॅट डोक्यावर चढवली आणि सम्टर किल्ल्यासमोर शिट्टीची ठरलेली खूण देऊन ते तोफांखालून निघून गेले. पांढरी चादर फडकवून त्यांनी बोट उत्तरेच्या आरमाराला दिली. बक्षिसाचे १५०० डॉलर मिळाले. पुढे करापोटी लिलावात निघालेले जुन्या मालकाचे घरही त्यांनी विकत घेतले.

लोक हीच गोष्ट रंगवून सांगतात. आम्हाला त्यापुढचे काम मोठे वाटते. १८६४ साली फिलाडेल्फियात या युद्धवीराला ट्राममधली जागा गोऱ्यासाठी सोडायला सांगितली गेली. ते उतरून चालत गेले. त्यावरून चळवळ तापली आणि १८६७ साली ट्राममधील भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्याच शहरात पंचविशीत ते वाचायला शिकले. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्या, अशी मागणी त्यांनी केली. ज्याला अक्षर नाकारले, त्यानेच गोऱ्यांच्याही पोरांसाठी शाळा मागितली!

१८७५ ते १८८७ या काळात, मध्ये खंड पडूनही, ते पाच वेळा अमेरिकेच्या संसदेत गेले. राज्यात सत्तापालट होताच १८७७ साली लाचेच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १८७९ साली माफी मिळाली. या खटल्यात न्यायापेक्षा राजकारण जास्त होते, असे आमचे मत आहे.

१८९५ साली नवी राज्यघटना आली. राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य, परिषदेत मात्र त्यांचे प्रतिनिधी सहाच. वाचता येत असेल किंवा ३०० डॉलरची मालमत्ता असेल तरच मत, अशी अट घातली गेली. वृद्ध स्मॉल्स तिथे झुंजले. त्या घटनेवर त्यांनी सही केली नाही.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्यूफर्टमध्ये त्यांचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १८९७ नंतर दक्षिण कॅरोलिनातून पुन्हा एखादा कृष्णवर्णीय संसदेत पोचायला १९९३ साल उजाडावे लागले.