संत मातेओ कोर्रेया : पापनिवेदनाच्या गुप्ततेचे हुतात्मे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात पोटापाण्यासाठी गावोगावहून आलेली आपली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. पापनिवेदनास येणाऱ्याच्या मनात पुष्कळदा एक भीती असते, की आपण उच्चारलेले शब्द कारखान्यात अथवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत तर जाणार नाहीत ना? या भीतीस एका ग्रामीण धर्मगुरूने आपल्या रक्ताने उत्तर दिले आहे. महोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

मातेओ कोर्रेया यांचा जन्म २३ जुलै १८६६ रोजी मेक्सिको देशात, साकातेकास प्रांतातील तेपेचित्लान या गावी झाला. घरची गरिबी होती. तथापि हितचिंतकांच्या साहाय्याने त्यांचे शिक्षण झाले व १८९३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे हुतात्मा झालेले फादर मिगेल प्रो यांना बालपणी प्रथम परमप्रसाद याच धर्मगुरूंच्या हातून लाभला.

१९२६ साली राष्ट्राध्यक्ष कायेस यांनी पवित्र सभेविरुद्ध कठोर कायदा अंमलात आणला. महागुरुस्वामींनी सार्वजनिक उपासना थांबविली आणि लवकरच लोकांनी शस्त्र उचलले. फादर मातेओ तेव्हा वाल्पाराईसो येथे सेवा करीत असून त्यांनी साठी गाठली होती. १९२७ च्या आरंभी एका आजारी स्त्रीस परमप्रसाद देण्यास जात असता सैनिकांनी त्यांस पकडले, व अखेरीस दुरांगो शहरी नेऊन बंदीत टाकले.

तेथे सेनापती एउलोहिओ ओर्तिस याने त्यांस मृत्युदंड ठरलेल्या बंडखोर कैद्यांचे पापनिवेदन ऐकण्यास सांगितले. फादरांनी ते ऐकले आणि मरणोन्मुखांना सांत्वन दिले. नंतर सेनापतीने त्या कैद्यांनी काय सांगितले ते उघड करण्याची आज्ञा केली, व न सांगितल्यास प्राण घेण्याची धमकी दिली.

येथे एखादा म्हणेल, की ते कैदी तर मरणारच होते. दोन शब्द सांगितल्याने कोणाचे काय बिघडले असते? कदाचित युद्धातील पुढील रक्तपातही टळला असता! हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. परंतु पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूच्या मालकीचे नसते; ते देवापुढे ठेवलेले असते. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनेही हा नियम दृढ केला. एका संकटात ही गुप्तता मोडली, तर पुढे कोणता पापी निर्भयपणे गुडघे टेकील?

फादर मातेओ यांनी नकार दिला. ६ फेब्रुवारी १९२७ रोजी दुरांगो शहराबाहेर त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. २१ मे २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस चोवीस सोबत्यांसह संत म्हणून घोषित केले.

वाचकहो, आपणांसाठी यातील बोध स्पष्ट आहे. कोणी कारखान्यातील वस्तू चोरल्याचे निवेदन केले, तर धर्मगुरू त्यास भरपाई करावयास सांगेल. परंतु त्याचे नाव मालकास कळविणार नाही, आणि त्याच्या अनुमतीवाचून त्याच्यापाशीही तो विषय पुन्हा काढणार नाही. गुप्तता पापाला आश्रय देत नाही. ती पश्चात्तापाला वाट मोकळी करते. म्हणून भीती टाकून या कृपेच्या झऱ्याकडे या, आणि आपल्या धर्मगुरूंना अशीच निष्ठा लाभावी म्हणून संत मातेओ यांची मध्यस्थी मागा.