डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावर, एस.टी. डेपोत, शेतातल्या इंजिनवर, थर्मोच्या पेपरात... 'डिझेल' हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी ऐकतो! पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे मेकॅनिकलच्या मुलांच्याही पटकन लक्षात येत नाही. पी-व्ही डायग्राम काढायचा, कट-ऑफ रेशो लिहायचा, मार्क घ्यायचे, विषय संपला. मित्रांनो, त्या डायग्राममागे एका इंजिनिअरचं आख्खं आयुष्य आहे. आणि ते वाचताना आपल्याला थोडं टेन्शन यावं असंच आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातले. वडील बुकबाइंडर, चामड्याच्या वस्तूही बनवायचे. घरची परिस्थिती बेताची. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. तिथले काका गणिताचे शिक्षक होते. चौदाव्या वर्षी पोराने घरी कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. (तेव्हा सी.ई.टी. नव्हती, हे त्याचं नशीब!)

स्कॉलरशिपवर तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्रोफेसर भेटले. रेफ्रिजरेशन शिकताना आपण ज्यांचं नाव वाचतो तेच. लिंडे सरांनी वर्गात सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामाला लावतं, बाकी सगळी वाया! आपणही असली वाक्यं रोज ऐकतो आणि वहीत उतरवून विसरून जातो. डिझेल मात्र विसरला नाही. टायफॉइडमुळे त्याची फायनल हुकली. तो खचला नाही. मधल्या काळात स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीत हात काळे केले आणि १८८० मध्ये उत्तम मार्कांनी पास झाला.

पुढची दहा-बारा वर्षं लिंडे यांच्या बर्फाच्या मशिनरीची नोकरी. लग्न झालं, तीन मुलं झाली. पण डोक्यात ते दहा टक्के होतेच. आधी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहिलं. त्यात स्फोट झाला, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. तरी गडी थांबला नाही.

मग आली खरी आयडिया. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल. स्पार्क नको, ज्योत नको. शिवाय इंधन जळताना तापमान वाढूच द्यायचं नाही, म्हणजे कार्नोच्या आदर्श सायकलजवळ जाता येईल, असं त्याचं गणित होतं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. पण कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात बसेना. एवढा प्रचंड दाब तयार करण्यातच इंजिनची सगळी ताकद खर्च झाली असती. म्हणून त्याने दाब कमी केला आणि स्थिर तापमानाऐवजी जवळजवळ स्थिर दाबावर ज्वलन स्वीकारलं. आपल्या पुस्तकातली डिझेल सायकल ती हीच. मात्र पेटंटमध्ये एक आणि इंजिनमध्ये दुसरंच, ही टीका त्याला जन्मभर चिकटली.

ऑग्सबर्गच्या मशिन फॅक्टरीने त्याला जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनीनेही पैसा घातला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली ट्रायल. इंधन पेटलं खरं, पण दाब ऐंशी बारपर्यंत गेला आणि तो मोजणारा इंडिकेटरच फुटून उडाला! जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात वाचली. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं. किती वेळ? फक्त एक मिनिट. स्पीड ८८ आरपीएम. त्यानंतर आणखी तीन वर्षं नोझल बदल, व्हॉल्व्ह बदल, पुन्हा टेस्ट. शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रोफेसर श्रोटर यांनी अधिकृत टेस्ट घेतली. बोअर २५० मि.मी., स्ट्रोक ४०० मि.मी., १५४ आरपीएमला सुमारे १८ हॉर्सपॉवर आणि एफिशियन्सी २६.२ टक्के! जगातलं दुसरं कुठलंच इंजिन तेव्हा इतकं काटकसरी नव्हतं.

सिनेमा असता तर इथेच संपला असता. लायसन्स विकले गेले, डिझेल लक्षाधीश झाला, म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. पण टेस्टच्या दिवशी चालणारं इंजिन वेगळं आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणारं वेगळं! आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टसारखंच. एक्स्टर्नलसमोर चाललं की झालं, दुसऱ्या दिवशी त्याला कोण विचारतो? १८९८ मध्ये केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्यात ६० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि दुरुस्तीच सुरू झाली. नोझल तुंबणं, गळती, कॉम्प्रेसरची रड. लायसन्स घेतलेल्या इतर कंपन्यांनाही तोच अनुभव. गिऱ्हाइकांनी इंजिनं परत केली. त्याच्या नावाने ऑग्सबर्गमध्ये काढलेला कारखाना चाललाच नाही. त्यात पेटंटचे खटले. डिझेलची तब्येत इतकी ढासळली की त्याला सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं.

या काळात इंजिन वाचवलं ते ऑग्सबर्गच्या वर्कशॉपमधल्या लोकांनी. इमानुएल लाउस्टर हा त्यातला मुख्य इंजिनिअर. त्यांनी एकेक पार्ट तपासून, बिघाडाचं कारण शोधून, इंजिनला भरवशाचं बनवलं. या कामात प्रसिद्धी नव्हती, नुसता घाम होता. मग मात्र इंजिन धावलं. १९०३ मध्ये व्होल्गा नदीवर, १९१२ मध्ये डेन्मार्कच्या 'सेलांडिया' या समुद्रावरच्या जहाजात.

डिझेलला मात्र हे फळ नीट चाखता आलं नाही. जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारांत पैसा बुडाला होता. २९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीत चढला, रात्री जेवला, केबिनकडे गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडलं. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. वय फक्त ५५.

डिझेलवर धावणारी मोटारगाडी त्याने बाजारात कधी पाहिलीच नाही. त्याच्या इंजिनला इंधन फवारायला दाबलेली हवा लागायची आणि तो जड कॉम्प्रेसर गाडीत मावणं शक्य नव्हतं. ती अडचण बॉशच्या पंपाने सोडवली, त्याचं उत्पादन १९२७ मध्ये सुरू झालं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६०-डी आली. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच पेटंट घेतलेला टर्बोचार्जर सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिझेल कारमध्ये बसला. १९९७ मध्ये कॉमन रेल आली.

आता हिशेब बघा. फियाटचं १.३ मल्टिजेट आपल्याकडे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत होतं, पुण्याजवळ रांजणगावला बनायचंही. २०२० मध्ये बीएस-सिक्स आल्यावर ते इथे बंद झालं. १,२४८ सीसी, ७५ हॉर्सपॉवर, १९० न्यूटन-मीटर टॉर्क. डिझेलच्या १८९७ च्या इंजिनची कपॅसिटी जवळजवळ १९.६ लिटर होती. म्हणजे सोळाव्या हिश्श्याच्या जागेत चौपट ताकद! आणि ते टॅक्सीवाल्यांकडे रोज न कुरकुरता चालायचं.

ब्रोशरमध्ये आपण पॉवर आणि टॉर्क वाचतो, पण भरवसा कुठल्याच कॉलममध्ये छापलेला नसतो. तो २६.२ टक्क्यांनंतर सुरू झालेल्या कामातून येतो. डिझेलने वाट दाखवली, ती वाट पक्की केली लाउस्टरसारख्या लोकांनी. आपल्यातले फार थोडे डिझेल होतील. पण लाउस्टर व्हायला कुणाचीच हरकत नसावी. इंडस्ट्रीला त्यांची गरज कायमच असते.