‘जय भीम’ घराघरांत पोहोचवणारे आपल्या कामठीचे बाबू हरदास

कामठी : सकाळी बसस्थानकावर दोघं भेटतात, हात वर जातो, तोंडातून ‘जय भीम’ निघतं. समोरूनही तेच उत्तर येतं. फोन उचलताना तेच, लग्नाच्या मांडवात तेच, कचेरीच्या दारात तेच. आज हा शब्द नागपूर जिल्ह्याच्याच काय, देशाच्याही बाहेर गेला आहे. पण तो रुजवणारा माणूस आपल्या कामठीचा होता, हे शेजारच्या तालुक्यातल्या पोरांना विचारून बघा. दहातल्या कितींना सांगता येईल?

त्या माणसाचं नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. लोक त्यांना बाबू हरदास एल. एन. म्हणून ओळखतात. आयुष्य मिळालं अवघं पस्तीस वर्षं आणि सहा दिवसांचं. तेवढ्यात त्यांनी साप्ताहिक काढलं, रात्रशाळा चालवल्या, बिडी कामगारांची संघटना बांधली, निवडणूक जिंकली आणि एका समाजाला मान वर करून बोलायचा शब्द दिला.

रेल्वेच्या कारकुनाचा मुलगा

हरदास यांचा जन्म 6 जानेवारी 1904 चा, कामठीचा. गाव तेव्हा छावणीचं. इंग्रजांनी 1821 च्या सुमारास कन्हानच्या काठी लष्कर आणून बसवलं आणि त्याभोवती बाजार, वस्त्या, कारखाने वाढले. वडील लक्ष्मणराव रेल्वेत कारकून होते. महार कुटुंबात महिन्याचा ठरलेला पगार येणं ही त्या काळी मोठी गोष्ट. त्यामुळे पोराला शाळेत घालता आलं, टिकवता आलं.

नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. ज्या वस्तीत सही करणारा माणूस शोधावा लागायचा, तिथला पोरगा मॅट्रिक! पुढे आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे ते संस्कृतही शिकले. ज्या भाषेचा शब्द कानावर पडू देणंसुद्धा आपल्या लोकांना नाकारलं गेलं, तीच त्यांनी शिकून घेतली. 1920 मध्ये, सोळाव्या वर्षी, घरच्यांच्या इच्छेप्रमाणे साहूबाईंशी लग्न झालं.

या शिक्षणावर त्यांना आरामात कारकुनी करता आली असती. त्यांनी दुसरी वाट धरली.

सतराव्या वर्षी साप्ताहिक

वयाच्या सतराव्या वर्षी हरदास यांनी नागपुरातून ‘महारठ्ठा’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. वाचणारे कमी, विकत घेणारे त्याहून कमी. पण एकजण वाचायचा आणि दहाजण भोवती बसून ऐकायचे. 1922 मध्ये त्यांनी महार समाज ही संघटना उभी केली. तिच्या जोडीला तरुण स्वयंसेवकांचं पथक बांधलं. कुठल्या गावात विहिरीवरून, रस्त्यावरून मारहाण झाली, तर धावून जायला माणसं हवीत, हा त्यामागचा साधा हिशेब.

1924 मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि ती लोकांत फुकट वाटली. देवादिकांच्या सोंगांमागे रात्री घालवू नका, तो वेळ आणि पैसा लेकरांवर लावा, असा तिचा रोख होता. ‘वीर बालक’ नावाचं नाटक लिहून त्यांनी ते रंगमंचावरही आणलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत नाटकातून जायचं, ही त्यांची रीत.

लेकरांसोबत थोरांसाठीही शाळा पाहिजे, पण थोरं दिवसा कामावर. म्हणून 1927 मध्ये कामठीत रात्रशाळा सुरू झाल्या. एका वेळी तिथे 86 मुलं आणि 22 मुली शिकत होत्या. या 22 चा आकडा नीट बघा. शंभर वर्षांपूर्वी, दिवसभर राबून, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसलेल्या बावीस मुली. त्याच सुमारास संत चोखामेळ्याच्या नावानं वाचनालय निघालं, बायांसाठी महिला आश्रमही उघडला गेला. चोखामेळ्याच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी सहभोजन ठेवत. पोटजाती विसरून सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, ही तिथली अट. अस्पृश्यांतही एकमेकांच्या हातचं न खाणारे होते, ते त्यांना सलायचं.

रामटेकला जाऊ नका, पण नाशिकला जा

1927 मध्येच रामटेकला सभा झाली. अध्यक्ष होते मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे, वऱ्हाड-नागपूरच्या चळवळीतले ज्येष्ठ कार्यकर्ते आणि पत्रकार. त्या सभेत हरदास यांनी लोकांना सांगितलं की मूर्तिपूजा सोडा आणि अंबाळ्याच्या घाण पाण्यात पुण्यासाठी बुडी मारू नका. रामटेकच्या यात्रेला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या लोकांना हे ऐकणं सोपं नव्हतं.

आता गंमत अशी, की हेच हरदास 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला कामठीची तुकडी पाठवतात. 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या त्या लढ्यात शंकर मुकुंदा बेले यांच्या पुढारपणात इकडची माणसं गेली. इकडे देवळात जाऊ नका म्हणायचं आणि तिकडे देवळाच्या दारात धरणं धरायचं, हे कसं?

नीट पाहिलं तर त्यात विसंगती नाही. देवळात जायचं की नाही हे माझं मी ठरवीन, पण दुसऱ्यानं मला दारात अडवायचं नाही. पहिली गोष्ट श्रद्धेची, दुसरी हक्काची. हरदास यांना हा फरक पक्का ठाऊक होता.

बिडीच्या धुरामागची माणसं

कामठी, रामटेक, भंडारा, गोंदिया हा पट्टा तेंदूपत्त्याचा, म्हणून बिडीचा. उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली बाई, शेजारी पानं कापणारी पोरगी, दोरा गुंडाळणारा म्हातारा, हे चित्र आपल्याकडे अजून जुनं झालेलं नाही. मजुरी हजार बिड्यांवर. ठेकेदार पानं मोजून देणार, तंबाखू तोलून देणार, आणि माल घेताना छाट काढणार. छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्यांचे पैसे कामगाराला नाहीत, पण त्या बिड्या राहणार ठेकेदाराकडेच.

ज्याच्या हातात हिशेब, त्याच्या हातात पोट. हरदास यांनी हे ओळखलं. त्यांनी सहकारी पद्धतीनं बिडीचं काम सुरू करून बघितलं, म्हणजे मधला माणूसच नको. ते चाललं. 1930 च्या सुमारास त्यांनी मध्यप्रांत बिडी मजदूर संघ उभा केला. बिडी कामगारांच्या कामाच्या अटींचा देशपातळीवरचा कायदा यायला पुढे 1966 उजाडलं. आपल्याकडची माणसं त्याच्या छत्तीस वर्षं आधी एकत्र येऊ लागली होती.

अमेरिकेतही तोच लढा

याच वर्षांत सात समुद्रांपलीकडे असाच एक माणूस धडपडत होता, आसा फिलिप रँडॉल्फ. तोही आधी मासिक चालवणारा, मग कामगारांचा पुढारी. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वे डब्यांत काळ्या नोकरांना कामाला ठेवत. प्रवासी त्या प्रत्येकाला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत. कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचे नोकरही सगळे जॉर्ज. माणसाला स्वतःचं नावच नाही! रँडॉल्फ यांनी 1925 मध्ये त्यांची संघटना बांधली. बारा वर्षं झगडून 1937 मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. पुढे 1963 मध्ये वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं, त्याचे म्होरके हेच रँडॉल्फ.

आपल्याकडच्या चळवळीनं त्या लढ्याशी नातं जुनंच जोडलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. हरदास आणि रँडॉल्फ एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण मजुरी आणि मान ह्या दोन मागण्या वेगळ्या करता येत नाहीत, हे दोघांनाही आपापल्या ठिकाणी कळलं होतं.

तारा गेल्या लंडनला

1928 मध्ये हरदास यांची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी भेट झाली आणि ते राजकारणात उतरले. ऑगस्ट 1930 मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली, तिच्यात ते होते. पुढच्या वर्षी लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. तिथे प्रश्न निघाला : अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, गांधीजी की आंबेडकर? हरदास यांनी थेट ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार केली की आमचे नेते डॉ. आंबेडकर आहेत. दुसऱ्या पुढाऱ्यांनाही त्यांनी तारा करायला लावल्या. त्या काळी लंडनला तार करणं म्हणजे मजुराच्या खिशाला न परवडणारा खर्च. तरी तारा गेल्या.

मग 7 मे 1932 उजाडला. दलित वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेचं अधिवेशन आपल्या कामठीत भरलं. अध्यक्ष होते मद्रासकडचे मुनिस्वामी पिल्ले, स्वागताध्यक्ष हरदास, आणि बाबासाहेब स्वतः हजर. त्याआधी राजा आणि डॉ. मुंजे यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा करार झाला होता, आणि मुंजे तर नागपूरचेच. त्यांच्या दाराशी येऊन परिषदेनं स्वतंत्र मतदारसंघाच्या बाजूनं कौल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे करार झाला, ती गोष्ट पुढची. पण त्या मे महिन्यात देशभरच्या अस्पृश्यांचं लक्ष कामठीकडे होतं.

जोहार गेला, जय भीम आला

आता त्या शब्दाकडे येऊ. आधी महारांनी वाटेत कुणी वरच्या जातीचा दिसला की वाकून ‘जोहार’ म्हणायचं, अशी पद्धत. तो शब्द खालून वर जायचा, वरून खाली काही यायचं नाही. आपसात भेटले तर राम राम व्हायचा.

असं सांगतात की कामठीत मुसलमान मंडळी एकमेकांना सलाम करताना हरदास बघत, आणि एका मौलवींकडून त्यांनी त्याचा अर्थ समजून घेतला. त्यात त्यांना एक गोष्ट भावली. सलाम करणारा आणि घेणारा दोघं बरोबरीचे, कुणाला वाकावं लागत नाही. मग आपल्या लोकांचाही असा शब्द का नको? भीमराव हे बाबासाहेबांचं नाव, त्यातून ‘जय भीम’ झाला. सुरुवातीला उत्तरादाखल ‘बल भीम’ म्हणायचं ठरलं होतं. पण लोकांनी ते सोपं करून टाकलं, आणि दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिलं. 1935 च्या आसपास हरदास आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव हा शब्द घेऊन हिंडू लागले. छापखाना लागला नाही, वर्गणी लागली नाही. ज्याच्या तोंडी बसला, त्याचा झाला.

निवडणूक आणि अखेर

ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाखेचं सचिवपद हरदास यांच्याकडे आलं. 1937 च्या प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत ते नागपूर-कामठी मतदारसंघातून उभे राहिले. समोरचा उमेदवार पैसेवाला होता. माघार घ्यावी म्हणून हरदास यांच्याकडे दहा हजारांचा निरोप आला होता आणि तो त्यांनी परत पाठवला, ही आठवण जुनी माणसं अजून सांगतात. बिडी वळणाऱ्या लोकांचा हा उमेदवार निवडून आला. 1938 मध्ये ते प्रांताच्या शाखेचे अध्यक्ष झाले.

पण शरीर थकलं होतं. क्षयानं गाठलं. तेव्हा त्यावर आजच्यासारखं औषध नव्हतं. 12 जानेवारी 1939 ला हरदास गेले, पस्तिसावा वाढदिवस होऊन आठवडाही उलटला नव्हता. कामठी, नागपूर आणि आसपासच्या गावांतून कामगार अंत्ययात्रेला लोटले. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे.

त्यांनी राज्यघटना पाहिली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा पाहिली नाही. त्या दिवशी लाखो लोक एकमेकांना जय भीम करत होते, तो गजर कामठीचा हा माणूस ऐकू शकला नाही.

येत्या जानेवारीत कन्हानच्या पुलावरून जाल, तेव्हा दोन मिनिटं समाधीपाशी थांबा. सोबत लेकरू असेल तर त्याला त्या रात्रशाळेतल्या बावीस मुलींची गोष्ट सांगा. त्यांच्यातल्या कुणाची तरी नात-पणत आज याच तालुक्यात शिकत असेल, शिकवतही असेल. ती वर्गात शिरताना पोरं उठून जय भीम म्हणत असतील, आणि तीही मान वर करून तेच उत्तर देत असेल.