पंचायत राज्याचे शिल्पकार : वसंतराव नाईक

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे एक लहानसे गाव आहे. हे गाव बंजारा समाजाच्या तांड्यातून उभे राहिले. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर व्यापार करणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. आगगाड्या आल्या, पक्के रस्ते झाले, आणि हा व्यवसाय मागे पडला. फिरते तांडे हळूहळू एके ठिकाणी स्थिरावून शेती करू लागले. चतुरसिंग नाईक यांनी अशीच गहुलीची वसाहत केली. त्यांचे चिरंजीव फुलसिंग आणि स्नुषा होनूबाई यांच्या पोटी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. तांड्यातील तंटेबखेडे बाहेर न नेता नाईकाने चार वडीलधाऱ्यांना जमवून तांड्यातच मिटवावयाचे, अशी या समाजाची जुनी रीत होती. आपला कारभार आपणच पाहावा, हा संस्कार ज्या समाजात मुरलेला होता, त्या समाजात वसंतराव वाढले.

गहुलीस शिक्षणाची पुरेशी सोय नव्हती. आसपासच्या खेड्यांत राहून त्यांनी प्राथमिक शिक्षण पुरे केले आणि पुढे ते नागपुरास गेले. तेथील मॉरिस कॉलेजातून १९३८ साली ते पदवीधर झाले आणि १९४० साली त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ वकिली केल्यानंतर ते पुसदला परतले. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता. त्याला विरोध झाला, पण दोघेही आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

१९४६ साली वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ सालापर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता, रस्ते हे नगरपालिकेचे रोजचे विषय असतात. लोकांच्या दारापर्यंत पोहोचणारा कारभार कसा असतो, याचे शिक्षण त्यांना येथेच मिळाले. १९५२ साली ते त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर त्यांनी प्रथम सहकार आणि नंतर कृषी ही खाती सांभाळली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले.

नव्या राज्यापुढे एक अवघड प्रश्न उभा होता. कोकणापासून विदर्भापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात स्थानिक कारभाराची घडी एकसारखी नव्हती. रत्नागिरी, कुलाबा, पुणे, सातारा या भागांत जिल्हा लोकल बोर्डे होती, तर विदर्भात जनपद सभा होत्या. मराठवाड्याची व्यवस्था आणखी निराळी होती. या संस्थांच्या हाती पैसा थोडा आणि अधिकार त्याहूनही थोडे होते. राज्यकारभाराची खरी सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतच राहत.

१९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशात पंचायत राज्य आणण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे त्याचा आरंभ झाला. महाराष्ट्राने कोणता मार्ग धरावा, हे ठरविण्यासाठी शासनाने २७ जून १९६० रोजी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद वसंतरावांकडे सोपविले.

या नेमणुकीत वसंतरावांची मोठी कसोटी होती. जिल्हाधिकारी हा महसूल खात्याचा कणा, आणि त्या खात्याचे मंत्री स्वतः वसंतराव! कचेरीतील अधिकार लोकांच्या हाती द्यावयाचे, तर आपल्याच खात्याचा वरचष्मा कमी होणार, हे उघड होते. शिवाय ते स्वतः आमदार होते. आमदार आणि खासदार जिल्ह्याच्या संस्थेत येऊन बसले, तर गावातून निवडून आलेल्या सामान्य सदस्याचा आवाज त्यांच्यापुढे दबून जाण्याचे भय होते.

समितीने १५ मार्च १९६१ रोजी आपला अहवाल सादर केला. तीत २२६ शिफारशी होत्या. मेहता समितीने गटपातळीवरील पंचायत समितीस मुख्य स्थान दिले होते. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद बलवान असावी, असे मत दिले. संपूर्ण जिल्ह्यासाठी योजना आखावयाची, अनुभवी अभियंते आणि डॉक्टर नेमावयाचे, तर त्यासाठी लागणारे सामर्थ्य जिल्ह्याच्या संस्थेतच येऊ शकते, असा त्यामागचा विचार होता. आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देऊ नये, जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या बाहेर ठेवावे आणि परिषदेचा कारभार पाहण्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा, असेही समितीने सुचविले. ज्या दोन वर्गांच्या हाती सत्ता होती, त्या दोहोंनाही तिने बाजूस सरण्यास सांगितले. आणि समितीचे अध्यक्ष त्यांपैकी एका वर्गातले असून दुसऱ्याचे मंत्री होते!

या अहवालाच्या आधारे १९६१ सालचा जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला. १ मे १९६२ रोजी मुंबई शहर वगळता राज्यातील २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गुरांचे दवाखाने, गावरस्ते, लहान पाटबंधारे असे अनेक विषय त्यांच्याकडे आले. गावाला ग्रामपंचायत, गटाला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. शेतात राबणारा शेतकरी सभापतीच्या खुर्चीवर बसू लागला.

५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ती धुरा वाहिली. त्यांच्या कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. १९७२ सालच्या भीषण दुष्काळात लाखो हातांना काम देण्याचे संकट शासनावर आले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत उभी असलेली ही यंत्रणा उपयोगी पडली.

१९७७ साली वाशीम मतदारसंघाने वसंतरावांना लोकसभेवर निवडून दिले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा हा अखेरचा टप्पा ठरला. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

जिल्हा परिषदांचा आरंभ झाला, तेव्हा वाशीम आणि मंगरूळपीर हे अकोला जिल्ह्यातील तालुके होते. तेथील गावकऱ्यांना जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्यास जावे लागे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याला स्वतःची जिल्हा परिषद लाभली. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वसंतरावांचा जन्मदिवसही १ जुलै हाच. महाराष्ट्रात तो कृषिदिन म्हणून पाळला जातो.

मूळ कायद्यात पुढे अनेक फेरफार झाले. १९९३ साली पंचायतींना राज्यघटनेचे अधिष्ठान मिळाले, आणि २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पण कायदा अधिकार देतो, ते वापरण्याची जागरूकता देत नाही. ती ग्रामसभेला येऊन बसणाऱ्या आणि खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या माणसांतूनच निर्माण होते. वसंतरावांनी हाती असलेली सत्ता गावापर्यंत पोहोचविली. ती सांभाळणे हे आता गावाचे काम आहे.