हबशी गुलाम ते वजीर : मलिक अंबर

रायगड चढण्याआधी किंवा उतरल्यावर माणसे पाचाडला थांबतात, ती जिजाऊंच्या समाधीपाशी. १७ जून १६७४ रोजी त्यांनी इथेच डोळे मिटले. त्यांच्या माहेरचा आणि सासरचा इतिहास वाचू लागले की दोन्ही घराण्यांच्या मध्ये एक परदेशी माणूस सतत भेटतो. तो म्हणजे मलिक अंबर.

१५४८च्या सुमारास तो आजच्या इथिओपियात जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोचला आणि हातोहात विकला जात बगदादला आला. तिथल्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला, हिशेब ठेवायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलामच.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. ती कुणाला द्यावी, याच्या ज्या आठ वाटा कुराणात सांगितल्या आहेत, त्यांत गुलामांची सुटका ही एक आहे. तरीही पोरांचा हा बाजार शतकानुशतके चालला, आणि तो चालवणाऱ्यांत रोजे ठेवणारे व्यापारीही होते. हे कडू आहे, पण झाकून ठेवण्यासारखे नाही.

चंगेजखान मेल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केले. वय पंचविशीच्या पुढचे, गाव नाही, गोत नाही. मग पोटासाठी त्याने शिपाईगिरी धरली. विजापूरच्या चाकरीत ‘मलिक’ हा किताब मिळाला. तिथे जमेना तेव्हा जेमतेम दीडशे स्वार घेऊन तो १५९५च्या सुमारास निजामशाहीत परतला. भाड्याचा शिपाई म्हणावा, एवढीच तेव्हा त्याची ओळख.

१६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असेच सगळ्यांनी धरले होते. अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः वजीर होऊन पुढची पंचवीस वर्षे मोगलांना झुंजवले. समोरासमोर लढण्याइतकी फौज नव्हती. म्हणून मराठा घोडेस्वारांच्या हलक्या तुकड्या करायच्या, शत्रूची रसद तोडायची, रात्री छावणीवर पडायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे. आपल्या सह्याद्रीला हे युद्ध वेगळे समजावून सांगायला नको. जहांगीर बादशहाला हा माणूस कधी हाती लागला नाही. अखेर त्याच्या चित्रकाराने भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतो आहे, असे चित्र काढले. प्रत्यक्षात ते मुंडके धडावरच होते.

लढाईइतकेच त्याचे राज्य चालवणे महत्त्वाचे. जमिनीची प्रत आणि आलेले पीक पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून महाराष्ट्रात पुढेही नावाजली गेली. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच.

१६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून त्याच्यावर आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. त्याने तलावाचा बांध फोडला आणि शत्रूची छावणी चिखलात रुतवली. या लढाईत जिजाऊंचे पती शहाजीराजे अंबरच्या बाजूने होते, तर वडील लखुजी जाधव मोगलांकडे. दीर शरीफजी इथेच पडले. नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस बोलून झालेली मुले म्हणून मालोजीराजांनी शहाजी, शरीफजी अशी नावे ठेवली, असे सांगतात.

मे १६२६मध्ये अंबर गेला. मुलगा फतेहखान याला बापाची दौलत मिळाली, अक्कल नाही. १६२९ला दौलताबादेत भर दरबारात लखुजींचा खून झाला. १६३३मध्ये दौलताबाद पडले. त्यानंतरही निजामशाहीचा एक मुलगा मांडीवर घेऊन १६३६पर्यंत लढत राहिले ते शहाजीराजे, अंबरच्याच पद्धतीने.

अंबरची कबर खुलताबादला आहे. ज्या जहांगीरने चित्रात बाण मारला, त्याचा नातू औरंगजेब याचीही कबर त्याच गावात, थोड्याच अंतरावर.